न रडणारी लेक आणि दोन सुया

गणवेश शिवणारी ती बाई कापडावर कात्री चालवताना कधी कचरली नाही. नवरा गेल्यावर मशीन दारातल्या उजेडात ओढलं आणि लेकीला एकटीने वाढवलं. शिकवण एकच : रडायचं नाही. शेजारणी म्हणत, "पोर आहे का दगड?" हिला त्याचंच कौतुक!

त्या लेकीच्या मूत्रपिंडात खडा निघाला, तेव्हा मात्र बाईचं डोकं चालेना.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पाठीत लहानसं भोक पाडून खडा काढतील. ती झोपेत असतानाच मी तिथल्या नसा बधिर करीन, म्हणजे नंतर कमी दुखेल. सुई देता येते दोन ठिकाणी. कण्यालगत, नाहीतर कुशीच्या मागे, खोल स्नायूत. मुलांना कुठली जास्त उपयोगी, ते आम्ही पडताळतोय. कुणाला कुठली, ते चिठ्ठी टाकून ठरतं."

"अगंबाई, म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही?"

"दोन्ही चांगल्या आहेत. अधिक चांगली कुठली, ते ठाऊक नाही. नको असेल तर खुशाल नाही म्हणा, उपचारात फरक पडणार नाही."

नाही म्हणावं तर कशासाठी, हो म्हणावं तर कुणाच्या भरवशावर? बाईने सही केली. का केली, ते जिना उतरतानाही तिला सांगता आलं नसतं.

खडा सुखरूप निघाला. लेक शुद्धीवर आल्यावर सिस्टर आल्या. कुठली सुई दिली ते त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. चेहरा बघायचा, पायांची हालचाल बघायची, रडण्याचा अंदाज घ्यायचा आणि दुखण्याला गुण द्यायचे, एवढं त्यांचं काम.

"रडली का हो?"

"छे! माझी लेक नाही रडायची."

"वा, सुई छान लागू पडलेली दिसते," म्हणत सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाई खूश झाली. पांघरूण सारखं करायला वाकली, तर लेकीच्या पायाची बोटं आत घट्ट वळलेली. गादीचा काठ मुठीत आवळलेला.

"दुखतंय का गं?"

"सांगितलं तर रडू येईल."

"मग रड की, बाई माझे!"

लेकीने आईकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग असं भोकाड पसरलं, की सिस्टर धावतच आल्या.

"मघाशी मीच चुकीचं सांगितलं हो," बाई म्हणाली.

सिस्टरनी पुन्हा तपासलं आणि सलाइनमधून औषध सोडलं. "बरं झालं बोललात. दुखत असेल तर औषध द्यायचंच असतं, सुई कुठली का असेना."

"म्हणजे ती सुई फसली?"

"एवढ्यावरून नाही सांगता येत."

"पण ही दुखलं म्हणून रडली, का मी रड म्हटलं म्हणून?"

"आता ते मला कसं कळणार?"

औषध अंगात भिनलं, बोटं सुटली, मूठ सैल झाली. रडणं काही थांबेना. 'पुरे' हा शब्द बाईच्या ओठांवर आला. तो बोलावा का गिळावा, तेच तिला समजेना. शेवटी ती शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "अहो, मुलं साधारण किती वेळ रडतात?"