धाकट्याच्या गच्चीवरची सावली

वायरमनला गल्लीत समोर सगळे दादा म्हणत आणि पाठ वळली की ठिणगी. घरांवर सोलर पॅनेल बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि सख्ख्या धाकट्या भावाला पाण्यात पाहण्यातही नव्हता. धाकट्याचं काहीही चांगलं झालं की याच्या पोटात दुखायचं. त्यातून धाकट्याचं घर बरोबर समोर, त्यामुळे पोटाला आराम असा कधी मिळायचाच नाही.

गल्लीत पहिलं सोलर आपलं, असं मिरवता यावं म्हणून त्याने स्वतःच्या वरच्या खोलीच्या पत्र्यावर पॅनेल घाईघाईत सपाट चिकटवून टाकली. मागोमाग धाकटा म्हणाला, दादा, माझ्याकडेही तेवढीच बसव. धाकट्याच्या बायकोला पॅनेलखाली कपडे वाळत घालायचे होते, म्हणून तिने उंच स्टँड मागितले. ठिणगी धुसफुसला, पण धंद्यात कोणी नाव ठेवायला नको म्हणून माणूस खाली आरामात बसेल अशा उंचीवर, एकेक बोल्ट तपासून, पॅनेल बसवून आला.

दोन्ही घरांच्या विजेचे आकडे त्याला मोबाइलवर दिसत, कारण दोन्हीकडची जोडणी त्याचीच. रोज चहाच्या आधी तो तेच बघायचा. थंडीत दोन्ही घरं बरोबरीने चालली. आभाळ भरलं की दोन्हीकडे सारखीच बोंब, त्यात त्याला जरा समाधान वाटायचं. मग उन्हाळा तापला आणि दुपार झाली की मोबाइलवर धाकट्याच्या विजेची रेघ याच्या रेघेच्या वर जाऊ लागली. त्याच सुमारास वरच्या खोलीत राहणारी आई चार दिवस धाकट्याकडे जाऊन येते म्हणून गेली, ती परत यायचं नाव घेईना.

आई जन्मभर थोरल्याकडे राहिली होती. धाकट्याकडे नाही आणि आपल्याकडे आहे, अशी त्याच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती. ती गेली तर उरलं काय? बायको म्हणाली, जाऊन सरळ विचारा की आईंना. त्याने विचारलं नाही. धाकट्याने गुपचूप एक जादा पॅनेल बसवलंय, त्याच्या विजेवर कूलर लावलाय आणि आईला फितवलंय, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. पॅनेलला ऊन हवं पण ताप नको, फार तापलं की वीज कमी बनते, म्हणून खालून वारा खेळला पाहिजे, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला घोकून सांगायचा. स्वतःला सांगायचं तेवढं जळफळाटात राहून गेलं.

एका दुपारी, धाकटा कामावर गेलेला पाहून, तो त्याच्या गच्चीवर पॅनेल मोजायला चढला. पॅनेल होती तेवढीच होती. त्यांच्या सावलीत, ओल्या चादरींच्या मधोमध, चटई टाकून आई बसली होती आणि वारा आरपार वाहत होता. त्याने पॅनेलच्या पाठीला हात लावून पाहिला. गरम होती, पण हात ठेववत होता. त्याच्या पत्र्यावर तर पॅनेलखाली बोट घालायलाही जागा नव्हती. इतके दिवस आपण आपल्याच हातच्या कामावर जळत होतो हे त्याला कळलं, आणि ते कळून तो आणखीच जळला.

"कूलरसाठी आलीस ना इथे?" त्याने विचारलं.

"कूलर कुठला रे? इथे वारा येतो म्हणून बसते. तुझ्या वरच्या खोलीत पत्रा अंगावर येतो."

"मग सांगायचंस तरी."

आईने चादरीचं टोक सारखं केलं. "काय सांगू? इथलं तुझं काम पाहिलं आणि समजले. माझ्या डोक्यावर उरकून टाकलंस, त्याच्यासाठी किती निगुतीनं केलंस. तुझा जीव त्याच्यावरच जास्त. खरं सांगते, मला हेवा वाटला त्याचा."

आई म्हणते ते खोटं आहे, हे सांगायचं तर खरं काय तेही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी पत्रा निवल्यावर त्याने स्वतःची सगळी पॅनेल उतरवली. धाकटा न बोलावता आला आणि दुसरं टोक धरून उभा राहिला. आईसाठी करतोय, असं ठिणगीने बायकोला सांगितलं, आणि ते खरंही होतं. स्टँड मात्र त्याने धाकट्याच्या स्टँडपेक्षा वीतभर उंच घेतले.