अख्खी घार

पक्ष्यांच्या शेपट्यांचे जितके फोटो आमच्या शेजारच्या गुणाजी परबांकडे आहेत, तितके अख्ख्या कांदिवलीत कुणाकडे नसतील. टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. बसलेला पक्षी ते काढत नाहीत. "बसाक काय, कोंबडो पण बसता," म्हणतात. पक्षी उडताच हवा.

दोष कॅमेऱ्याचा नाही, तोंडाचा. पक्षी दिसला की परब आधी "इलो, इलो!" म्हणून सगळ्यांना वर्दी देतात आणि मग बटण दाबतात. गावी एस.टी. आली तरी असंच ओरडायचं, ही लहानपणापासूनची सवय. ओरडताना हात हलतो आणि फोटोत शेपटी येते, नाहीतर नुसतं आकाश.

यंदा जवळच्या वाचनालयाने हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. परबांनी 'उडती घार' असं नाव देऊनही टाकलं, घार मिळायच्या आधीच. फोटो द्यायची मुदत सोमवारपर्यंत. रविवारी सकाळी ते, सुगंधावहिनी आणि आयती फेरी सोडवेना म्हणून मी, असे बोटीने गोराईला गेलो. परबांचा चेहरा उतरलेला होता.

"आज नाय जमला तर कॅमेरो इकून टाकतंय," ते हळूच म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्या शेपट्या बघितल्याशिवाय आमचा संध्याकाळचा चहा गोड लागत नाही.

धक्क्यावर मासळी उतरत होती, वर घारी घिरट्या घालत होत्या. वहिनींनी पिशवीतून जत्रेतला खटखटा लाडू काढला, तो दगडासारखा कडक असतो, आणि अख्खाच्या अख्खा नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

"फोटो गावासर चावूचो नाय," फोटो मिळेपर्यंत चावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

तेवढ्यात पांढऱ्या डोक्याची एक तांबूस घार पाण्यावर झेपावली आणि मासा घेऊन वर उठली. परबांचे गाल फुगले, घशातून "उंऽ" एवढंच निघालं. कॅमेरा मात्र जरासुद्धा हलला नाही.

आम्ही स्क्रीनवर डोकी घातली. दोन्ही पंख, पायातला मासा, डोळासुद्धा स्पष्ट. परब नाचायलाच लागले. कुणाला तरी सांगायचं होतं, पण लाडू फुटेना, गिळवेना आणि बाहेरही निघेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मासळी निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या.

एरवी वहिनींचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. त्यांनी पदर खोचला आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "आमका घार गावली! अख्खी घार!"