बारशाचा व्हिडिओ कॉल

इकडे गुजरातेत, गोत्रीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते, त्या काकूंनी माझा लॅपटॉप ठीक करून दिला, म्हणून मी भाच्याच्या बारशाला हजर राहू शकले.

कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. मोबाइलचा कॅमेरा बिघडलेला, म्हणून जुन्या लॅपटॉपवरून कॉल लावला, तर आईचा चेहरा हसता हसता पडद्यावर अडकला. मी रडवेली होऊन लॅपटॉपसकट खाली काकूंकडे धावले.

"अगं, किती काय उघडं ठेवलंयस!" काकू म्हणाल्या. गावचं हवामान, एसटीचं वेळापत्रक, आमच्या गल्लीचा नकाशा, जत्रेचे व्हिडिओ. आठवीत शाळा सुटलेली मी. बंद केलं की परत सापडणार नाही, अशी धास्ती. "सगळे नळ सोडून ठेवायचे आणि आंघोळीला पाणी नाही म्हणायचं! रॅम केवढीशी याची!" त्यांनी एकेक बंद केलं, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम थांबवले, लॅपटॉप पुन्हा चालू केला. "चालो, आता लाव."

वहिनीने मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. मी 'कुर्र' करून नाव सांगितलं. तेव्हा आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. इथे कोण घालणार? काकूंनीच घातले. "तुझ्या गावच्या बायकांच्या वाटचे पण माझेच!"

बाळ मान वळवून आवाज शोधत होतं. त्याला उचलून घ्यायला माझे हात शिवशिवत होते.

एक दिवस काकूंना गावी नेईन आणि भाच्याला आधी त्यांच्याच मांडीवर देईन.