पिवळ्या रेघेतला पहिला गुन्हेगार

मी जन्मात खर्रा तोंडात टाकलेला नाही, आणि नेरला बहिणीच्या सासरी मला खर्रेबाज मास्तर म्हणतात.

दोष माझाच. कळंबजवळच्या आमच्या गावात मी शिक्षक. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पण खर्र्याला होता. सुपारी, चुना आणि गोड वासाची तंबाखू घोटून पन्नीत बांधलेली पुडी सातवीची पोरं दप्तरात आणू लागली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ग्रामसभेत मी ठराव मांडला: शाळेभोवती पिवळी रेघ मारायची, तिच्या आत तंबाखू विकायची नाही आणि आणायचीही नाही. ठराव एकमताने पास झाला. (निम्म्या सभेचं तोंड भरलेलं होतं, विरोध करणार कसा?) बंडूने आपला पानठेला उचलून रेघेच्या बरोबर पलीकडे नेला. पोरांना थोडं जास्त चालावं लागू लागलं, एवढीच काय ती सुधारणा.

मग मी इरेला पेटून पोरांचं शिट्टीपथक काढलं. सापडलेल्याने रेघेवर उभं राहून, कान धरून शपथ म्हणायची. पहिला गुन्हेगार पकडणाऱ्याला कंपासपेटी. कितीतरी दिवस कोणी सापडेना. पथक नुसतं तळमळत होतं.

अशात माझ्या बहिणीला, वनिताला, नेरचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आमचं घर शाळेला लागून, म्हणजे रेघेच्या आत. भाव वाढेल या आशेवर बाबांनी कापूस घरातच भरलेला, त्यामुळे पाहुणे ढिगाला टेकून बसले. मुलाच्या आईने आल्या आल्या बजावलं, "आमच्या घरी खर्रा चालत नाही. ह्यायचा सोडवता सोडवता माहे केस पिकले." मुलाचे वडील देवरावजी मान खाली घालून हसले.

चहा झाल्यावर त्यांनी मला हळूच अंगणात नेलं.

"मास्तर, ठेल्यावरून एक घोटून आणा न. सुगंधी टाकाले सांगजा."

"पण तुम्ही तर सोडला न?"

"सोडलाच हाय. म्हणून तं तुमाले पाठवून राह्यलो."

मुलीचा भाऊ नाही कसा म्हणणार? मी गेलो. "सरचा खर्रा हाय," बंडू साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आज सुगंधी हात सोडून टाकतो." पुडी खिशात कोंबून मी रेघ ओलांडली.

तो वास खिशात मावणारा नव्हता. एक शिट्टी वाजली, मग सगळ्याच वाजल्या. पथकाची नायिका, पाचवीतली स्वाती, सरळ माझ्या खिशात हात घालून पुडी वर धरून उभी राहिली.

"सर, सापडला!"

"कोण सापडला?"

"तुमी."

अंगाला कापूस चिकटलेले पाहुणे बाहेर आले. "हे कोणासाठी आणलं?" बाबांनी विचारलं. मी देवरावजींकडे पाहिलं. ते आभाळात ढग शोधत होते. खरं बोललो तर नवराबायकोत इथेच जुंपणार आणि सोयरीक हातची जाणार. दारात वनिता उभी होती, डोळे भरून आलेले.

"माह्यासाठी," मी म्हणालो.

स्वातीने रेघेकडे बोट दाखवलं. मी कान धरून माझीच शपथ म्हटली. ती फारच लांब लिहिली आहे, हे तेव्हा कळलं.

"मास्तर भाऊच असा, तं त्या घरची पोरगी कायले कराची?" म्हणत मुलाच्या आईने पिशवी उचलली.

तेव्हा देवरावजी पुढे झाले. "जाऊ दे वं. पोरीत काय खोट हाय? मास्तरले मी सुधारतो, जिम्मा माहा." आणि स्वातीच्या हातातली पुडी त्यांनी कडक चेहऱ्याने जप्त केली आणि खिशात घातली. त्या माणसाचा मला इतका राग आला, आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

लग्न झालं. वनिता सुखात आहे. मी नेरला गेलो की व्याही मला 'सुधारायला' फिरायला नेतात. ते ठेल्यामागे गाल भरतात, मी रस्त्यावर पहारा देतो. परतल्यावर विहीणबाई विचारतात, "सुटला का मास्तरचा खर्रा?"

"फरक हाय," व्याही चूळ भरून गंभीरपणे सांगतात, "पण अजून रोज बाहेर न्या लागन."

आणि जिच्यासाठी मी कान धरले, ती वनिता बडीशेपेची वाटी माझ्यापुढे सरकवते. "दादा," ती कळवळून म्हणते, "मनावर घेतलं तं सुटते."