एक रिंग चढताना, दोन उतरल्यावर

गोपालचर गंगेच्या बांधाला टेकून वसलंय, आणि मालदा जिल्ह्यात याच्याइतकं हसण्यासारखं गाव दुसरं नसेल. इथला धडधाकट पुरुष मोबाईलचे मनोरे उभारतो. केरळपासून लडाखपर्यंत जिथे जिथे माणसं फोन कानाला लावून बोलतायत, तिथे कुठे ना कुठे गोपालचरच्या हातांनी आवळलेला नट असतो. आणि खुद्द गोपालचरमध्ये? खुद्द गोपालचरमध्ये फोन पेरूच्या झाडाला टांगावा लागतो.

आंजुरा बिबीच्या अंगणातला पेरू त्यासाठीच प्रसिद्ध होता. दक्षिणेकडच्या फांदीवर, जमिनीपासून साधारण डोक्याइतक्या उंचीवर, एक काडी रेंज येई. हात पुढे केला की गेली, मागे घेतला की आली. आंजुराने प्लास्टिकच्या पिशवीत फोन घालून तो त्या फांदीला कायमचा बांधून टाकला होता. झाडाखाली चटई टाकून ती दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. बोटं आपोआप चालत. कान मात्र वर, पिशवीकडे.

कारण एजाबुल, तिचा नवरा, मनोऱ्यावर चढण्याआधी एक रिंग द्यायचा. एकच. आणि काम संपवून सुखरूप खाली आला की दोन. फोन उचलायचा नाही, हा नियम. एका कॉलला हात आखडावा लागायचा त्या काळातला तो रिवाज. आता बोलणं फुकटात जमा झालं तरी गावाने तो सोडला नाही. प्रत्येक घरात हेच. सकाळी आठ-साडेआठला घरोघरी एकेक रिंग वाजे, दुपार कलताना दोन-दोन, आणि मगच बायका रात्रीच्या भाताचं आधण ठेवत. अकरा वर्षं आंजुराने असंच आधण ठेवलं होतं. तिचं माहेर गंगेने गिळलं. बापाचं घर, आंब्याची बाग, शाळा, सगळं एका पावसाळ्यात नदीत गेलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर तिचा जमिनीवर फारसा विश्वास राहिला नाही. त्या दोन रिंगांवर मात्र होता.

शेजारच्या घरात नासेरा राहायची. तिच्या घरी गेली चार वर्षं काही वाजत नव्हतं. तिचा सेंटू तेलंगणात मनोऱ्यावरून पडला. तोही एजाबुलच्याच टोळीत होता. बातमी नासेराला दीड दिवसाने कळली. इतर गावांच्या टोळ्यांबद्दल बायका कुजबुजत की कुणी पडलं की मुकादम आधी सगळ्यांचे फोन बंद करायला लावतो. गावात बोंब होण्याआधी कंपनीचे लोक येऊन कागदपत्रं करून घेतात, मग घरी कळवतात. आपल्या टोळीबद्दल असं कुणी म्हटलं की आंजुरा भांडायला उठायची. तिनेच थोरल्या बहिणीसारख्या नासेराचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, “नाही गं बुबू, तिथे वीजच नव्हती. सगळ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. यांनी मला शपथेवर सांगितलंय.” नासेराने मान हलवली होती. विषय तिथेच मिटला होता.

त्या बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी पेरूवर एक रिंग वाजली.

“चढला तुझा हनुमान,” नासेरा कुंपणापलीकडून म्हणाली. ती रोज दुपारी आपलं सूप घेऊन आंजुराकडेच विड्या वळायला यायची, पण चिडवायला सकाळपासून सुरुवात करायची.

“चढू दे. खाली उतरला की शेपटी धरून विचारते, पुढच्या महिन्यात येतोस की नाही ते.”

दुपार झाली. चार वाजले. पिशवी गप्प. एरवी साडेतीनपर्यंत दोन रिंगा येऊन जायच्या. आंजुराने उठून पाहिलं तर फोनवर एकही काडी नव्हती. त्यात नवल काही नव्हतं, गोपालचरची रेंज दिवसातून चारदा जाते आणि कुणी त्याची चर्चाही करत नाही. तिने फांदी हलवली. पिशवी डावीकडे सरकवली. दुसऱ्या फांदीवर टांगली. काही नाही.

“बांधावर जा,” तिची सासू ओसरीवरून म्हणाली. सासू बोलायची कमी, पण बोलली की ते हुकमासारखं असे. “पलीकडची धर.”

बांधाच्या उंच टोकावर कधीकधी नदीपलीकडची, झारखंडच्या मनोऱ्याची रेंज लागते. आंजुरा पदर खोचून निघाली. मागून नासेरा. बांधावर वारा होता, आणि फोनमध्ये दोन काड्या. आंजुराने नियम मोडून एजाबुलचा नंबर लावला.

‘आपण डायल केलेला क्रमांक कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे.’

“वर असेल अजून,” ती म्हणाली. “चढताना फोन खाली थैलीत ठेवतात ते.”

“थैली कुठे जाते कव्हरेजच्या बाहेर?” नासेरा म्हणाली.

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. कारण खरंच, जी माणसं मनोऱ्यावर काम करतात, ती मनोऱ्याच्या बुडाशी असतात. साऱ्या मुलखात कुणाला नसली तरी त्यांना रेंज असते. आंजुराने मुकादमाचा नंबर लावला. कव्हरेजच्या बाहेर. टोळीतल्या तिसऱ्याचा. बाहेर. चौथ्याचा, पाचव्याचा. तीच बाई, तोच गोड आवाज, पाचही वेळा. पाच माणसं एकाच वेळी जगाबाहेर गेली होती.

आंजुरा बांधावरच बसली. तिला रडू आलं नाही. तोंडात कोरडा तंबाखू भरल्यासारखं झालं. ती नासेराकडे बघत राहिली आणि तिला दिसलं की नासेराचा चेहरा पांढराफटक पडलाय. नासेराला जे कळायला दीड दिवस लागला होता, ते दोघींनाही एका क्षणात कळलं.

“बुबू,” आंजुरा म्हणाली, “असंच झालं होतं का तुझ्या वेळी?”

“सगळ्यांचे बंद होते,” नासेरा म्हणाली. “ऊठ. घरी चल. इथे वारा आहे.”

गोपालचरमध्ये अशी गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. दोन बायका बांधावरून एकमेकींना धरून उतरताना दिसल्या, एवढं पुरलं. घरोघरच्या चुली विझल्या. आंजुराच्या अंगणात माणसं जमली. पुरुषमंडळी हळू आवाजात ठरवू लागली की मालदा स्टेशनवरून मयताची पेटी आणायला कुणाची गाडी सांगायची. कुणीतरी म्हणालं, विमानाने आणतात आता, कोलकात्यापर्यंत. ते सगळं आंजुराला ऐकू येत होतं आणि आपल्याबद्दल चाललंय असं मात्र वाटत नव्हतं. तिची बोटं सुपात विडी वळत होती. दोरा संपला होता तरी वळत होती. नासेराने तिच्या हातातून पान काढून घेतलं.

मग आंजुराने आपणहून नाकातली, नवरा असेपर्यंत घालायची चमकी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. सासू ओरडली, “अगं, अजून खबर नाही आली!” पण आंजुराने ती मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, “मा, खबर येईपर्यंत मिरवू का?” नासेराने मान खाली घातली.

सूर्य मावळतीला टेकला असताना कुंपणाचं फाटक वाजलं. एजाबुल आत आला. एका हातात थैली, दुसऱ्या हातात दोरीला लटकवलेला हिल्सा मासा, अंगभर गंज आणि तोंडभर हसू.

अंगणात कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्याने खरोखर कलमा पुटपुटायला सुरुवात केली.

“कोण गेलं?” एजाबुलने विचारलं. हसू उतरलं. त्याची नजर आधी म्हाताऱ्या आईकडे गेली. ती समोर बसलेली. मग आंजुराकडे. “अरे, कोण गेलं, बोला ना!”

“तू,” सासू म्हणाली.

कुणीतरी त्याला भराभरा सगळं सांगितलं आणि तो डोक्याला हात लावून मटकन खाली बसला. त्याचं म्हणणं साधं होतं. टोळीला परवा अचानक इकडे पाठवलं. हाटखोल्याचा मनोरा जुना झाला होता, त्यावरचे अँटेना काढून नवे चढवायचे होते. म्हणजे गोपालचरला जी एक काडी रेंज मिळते, ती देणारा मनोरा. चार मैलांवर! अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या गावासाठी काम. त्याला वाटलं, सांगायचं नाही, दुपारी मासा घेऊन थेट जेवायला जायचं. पण जुने नट गंजून बसलेले, दिवस गेला.

“मग सकाळी रिंग कशाला दिलीस?” आंजुराचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“सवय गं. हात आपोआप जातो. रिंग दिली, चढलो, आणि मुकादमाने खाली पेटीतून मनोरा बंद केला.” त्याने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. “ज्यावरून दोन रिंगा यायच्या, तोच आम्ही बंद करून बसलो. खाली उतरलो तर आमच्या पाचही फोनला रेंज नाही. म्हटलं, घरीच तर चाललोय.”

अंगणातला एकजण फसकन हसला. मग दुसरा. हसू पसरायला लागलं. देशाला रेंज देणारे पाच शहाणे आपल्याच फांदीवर बसून ती तोडत होते, हे गावाला वर्षभर पुरणार होतं. एजाबुलही ओशाळून हसला. तेवढ्यात आंजुराने मूठ उघडली आणि त्याला तिच्या तळहातावरची चमकी दिसली. तिच्या नाकाकडे बघून त्याचा रंग उडाला.

“आंजू, खुदाशप्पथ,” तो घाबरून म्हणाला, “आज आम्ही फोन बंद नव्हते केले! आज खरंच रेंज नव्हती!”

हसणं थांबलं.

नासेरा कुंपणाजवळ उभी होती. घरी निघालीच होती बिचारी. ती परत वळली.

“आज नव्हते केले,” ती म्हणाली. “मग तेव्हा?”

एजाबुलच्या तोंडून शब्द सुटून गेला होता, आता तो परत घशात घालता येत नव्हता.

“एजाबुल, मी विचारतेय. माझ्या सेंटूच्या वेळी?”

“भाबी... मुकादमाने हेल्मेट फिरवलं. सगळ्यांनी फोन त्यात टाकायचे. म्हणाला, कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणी घरी बोलायचं नाही, नाहीतर पुढचं काम विसरा. मी नवा होतो त्या मुकादमाकडे. मी... टाकला.”

“वीज होती?”

“होती.”

“सेंटू लगेच गेला?”

“लगेच.”

नासेरा रडेल, शिव्या देईल, त्याच्या अंगावर धावून जाईल असं सगळ्यांना वाटलं. त्याची एजाबुलला जणू गरजच होती, असा तो मान पुढे करून बसला होता.

“दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता,” नासेरा म्हणाली. “माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मी लाल साडी नेसले होते. गाणी म्हटली. बायका म्हणाल्या, सेंटूची बायको काय नटलीय बघ. दीड दिवस मी चमकी घालून हसत फिरले, आणि तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.”

ती घरी गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

आंजुराला वाटलं, पायाखाली पुन्हा नदीच आली. आत्ता तासाभरापूर्वी तिचा नवरा मेला होता, आणि आत्ता तो समोर जिवंत बसलाय, पण अकरा वर्षं ज्याच्या दोन रिंगांवर तिने भात शिजवला, तो माणूस हा नव्हे. शपथ घेतली होती याने. आणि ती शपथ तिने स्वतःच्या हातांनी नेऊन नासेराच्या ओटीत घातली होती.

“मला खोटं सांगून तू मला तिच्याकडे पाठवलंस,” ती म्हणाली.

“घाल गं ती,” एजाबुल गयावया करत म्हणाला. त्याने तिच्या तळहातावरची चमकी उचलली, तिच्या नाकापाशी नेली. सव्वाशे फुटांवर वाऱ्यात एका हाताने नट आवळणारा माणूस, पण तो इवलासा फिरकीचा दागिना त्याला जमेना. दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा आंजुराने तो उचलला आणि खिडकीच्या फळीवर ठेवून दिला. हिल्सा कुणी शिजवला नाही.

सकाळी मनोरा सुरू झाला. पेरूपर्यंत जायची गरज उरली नव्हती. ओसरीवर, चुलीपाशी, खाटेवर, सगळीकडे चार काड्या. गावभर पोरं फोन घेऊन घरातल्या घरात धावत होती. एजाबुल उरलेलं काम संपवायला पहाटेच गेला होता. आठ वाजता एक रिंग वाजली.

आंजुराने फोन उचलला.

“उचललास कशाला?” पलीकडून दचकलेला आवाज आला. “मी चढतोय.”

“चढ. फोन थैलीत ठेवायचा नाही. खिशात घे. चालू ठेव.”

“मुकादम ओरडेल.”

“ओरडू दे. बंद पडला तर मला त्याच क्षणी कळलं पाहिजे. दीड दिवसाने नाही.”

पलीकडे खुडबुड झाली, कापड घासल्याचा आवाज, आणि लोखंडावर बुटाचा पहिला ठोका. दुसरा. आंजुराने फोनचा आवाज मोठा केला, तो सुपाशेजारी ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन नासेराला हाक मारली. दोनदा हाक मारावी लागली. नासेरा आली, चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पानं कापायला लागली.

फोनमधून वारा ऐकू येत होता, आणि एका माणसाचा श्वास. दोघी तो ऐकत विड्या वळत राहिल्या. चमकी खिडकीच्या फळीवरच होती.