केस काळे करून भरती झालेला लाकूडतोड्या

माझे वडील ओनेझीम साव्हॉ बावन्नाव्या वर्षी केसांना बुटाचं काळं पॉलिश फासून सैन्यात भरती झाले. इकडे कॅनडात, ट्रॅकाडीच्या बाजूला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण लोक हसतात आणि तिथेच थांबतात. पुढचंही सांगायला हवं.

१९४० च्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ आलीर पायदळात गेला. घरातला एकुलता एक मुलगा; त्याच्या पाठची मी, मुलगी. बाबा नुसते लाकडं फोडत राहिले. मग एका रविवारी चर्चच्या दारात बातमी कळली, की स्कॉटलंडातली जंगलं तोडायला लाकूडतोड्यांच्या तुकड्या उभ्या राहताहेत. इंग्लंडला खाणींच्या टेकूंसाठी लाकूड हवं होतं. वय मात्र पंचेचाळीसच्या आत हवं.

भरतीच्या खोलीत शेगडी धगधगत होती. बाबांना घाम फुटला आणि मानेवरून काळे ओघळ कॉलरवर उतरले.

"वय किती म्हणालास?" सार्जंटने विचारलं.

"चव्वेचाळीस."

"आणि हे काय गळतंय?"

"जंगलातून सरळ आलोय, साहेब. आंघोळ राहिली."

सार्जंटने त्यांचे घट्टे पडलेले तळहात उलटून पाहिले, आणि हसून पुढच्याला हाक मारली.

बाबा गणवेश घालून घरी आले तेव्हा माझी आई, झेली, भट्टीतून घेवड्याचं भांडं काढत होती.

"म्हाताऱ्या, हे काय सोंग?"

"पोराजवळ कुणीतरी असायला हवं."

"तो लढणार, तू झाडं पाडणार. हे कसलं जवळ?"

"समुद्राच्या त्या बाजूला तरी असेन."

"आणि या बाजूला कोण? मी आणि ही पोर? दोघांनी मिळून निघायला ते काय लग्नाचं वऱ्हाड आहे?"

बाबा निघाले त्या सकाळी ती गोठ्यातून बाहेरच आली नाही. त्यांना स्टेशनवर मी सोडलं.

हिवाळा लागला. आमच्या नदीकाठच्या तोडणीच्या तळावर स्वयंपाकी मिळेना, कारण धडधाकट पुरुष सगळे युद्धावर. आई मुकादमाकडे गेली.

"मी रांधते."

"बाईमाणूस? तळावर? अगं, या गड्यांची तोंडं फार वाईट."

"तोंड खायला उघडलं तर जेवण मिळेल. दुसऱ्या कशाला उघडलं तर उपाशी."

गाई शेजाऱ्यांकडे सोपवून आईने युद्धाचे सगळे हिवाळे तिथे काढले. मी बटाटे सोलायला आणि पाव भाजायला तिच्याबरोबर असे. गडी आधी कुरकुरले, मग स्वयंपाकघराच्या दारात बूट झटकून आत यायला लागले.

तिकडे स्कॉटलंडातल्या तळावरची पोरं बाबांना 'आजोबा' म्हणत. आलीर रजेवर भेटायला आला तेव्हा दोघांनी दोन मुठींची लांब करवत घेऊन एक जुना पाइन पाडला.

"बाबा, खरं सांगा. माझ्यावर पहारा ठेवायला आलात ना?"

"करवत ओढ. बोललास की तुझा हात ढिला पडतो."

 आलीर परत निघाला तेव्हा बाबा फाट्यापर्यंत चालत गेले, आणि ट्रक दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभे राहिले.

१९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत उतरल्यावर महिनाभरातच तोफगोळ्याने आलीरचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला. बाबा रजा काढून इंग्लंडच्या इस्पितळात पोचले. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. बाबा खुर्ची ओढून बसले. रजा संपली की परत जायचे, पुन्हा रजा मिळाली की यायचे. तो भिंतीकडेच बघत राहिला.

शरद ऋतूत त्याच्यासाठी लाकडी पाय तयार होऊन आला.

"घेऊन जा म्हणावं," आलीर म्हणाला. "मला नको."

बाबांनी तो पाय मांडीवर घेतला. टिचकी मारून पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला.

"विलो आहे. एकही गाठ नाही."

"बाबा!"

"कुणीतरी झाड नीट निवडलंय. आपल्या मुकादमाने पाइन दिला असता, तोही ओला."

आलीरला हसू फुटलं. हसता हसता तो रडायला लागला, इतका की नर्स धावत आली. बाबांनी तिला हातानेच थांबवलं आणि त्याचं डोकं छातीशी धरून बसले. दुसऱ्या दिवशी पायाचे पट्टे त्यांनी स्वतः बांधले. त्याच्या बगलेत खांदा घालून खोलीच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं.

१९४५ च्या वसंतात दोघे घरी आले. स्टेशनवर आईने आलीरला मिठीत घेतलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय." पुढचे कितीतरी आठवडे ती त्यांच्याशी एवढंच बोलायची.

एका संध्याकाळी मोजे विणताना तिने मान वर न करता विचारलं, "पोरगा रडला तेव्हा तू जवळ होतास?"

"होतो."



"बरं झालं," ती म्हणाली. "चहा घेणार?"

त्या हिवाळ्यात ती पुन्हा तळावर निघाली. बाबा म्हणाले, "आता मी आलोय ना?"

"आलास ना? मग गाई तू बघ."

आणि बाबांनी गाई बघितल्या. आलीर तळावर करवतींना धार लावायला लागला. बसून करायचं काम होतं ते. शनिवारी बर्फावरच्या घसरगाडीला घोडा जुंपून बाबा आईला आणि आलीरला आणायला जायचे. वाटेत आई लगाम त्यांच्या हातातून काढून घ्यायची, आणि ते गुमान शेजारी सरकून बसायचे.