प्लेगच्या साली केलेली मोजणी

“थांबा, चालून येतो,” असं म्हणून ते टोपी डोक्यावर ठेवत आणि कचेरीतून निघून जात. समोर साहेब असो की ठेकेदार. जागेवर पाय टाकल्याशिवाय नकाशाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा रिवाज. बेळगावात मी नकाशे काढायच्या नोकरीला लागलो तेव्हा ते थोरले मोजणीदार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या पायी प्रत्येक काम दोन दिवस मागं पडतं. अण्णा आधी साखळीनं मोजत, मग तीच जागा पावलांनी. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर संशय साखळीवर. “साखळी उन्हानं वाढतीया रं. माझा पाय न्हाय वाढत.” हे सांगताना त्यांचा अंगठा वहाणेबाहेर आलेला असे.

पुढं स्टेशन वाढवायचं ठरलं. खानापूरकडून रोज सकाळी गाडीनं येणारे कारकून, विद्यार्थी, दूधवाले यांना जुना फलाट पुरेना. नवा फलाट होणार होता आणि त्याच्यासमोरचा भाग आखायचं काम आमच्याकडं आलं. साठ फुटी सरळ रस्ता, दोन्ही अंगांना दुमजली इमारती, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. रस्ता जायचा त्या पट्ट्यावर जुन्या नकाशात ‘पडीक, वस्ती नाही’ असं लिहिलं होतं.

अण्णा चालून आले आणि टोपी न काढताच बसले.

“तिथं माग चालत्यात,” ते म्हणाले. “विणकरांची चौदा घरं हायत.”

“मागाहून बसली असतील, अण्णा. नकाशात काही नाही.”

“नकाशा कुणाचा हाय, बघ खाली.”

खाली सही त्यांचीच होती.

तीस-बत्तीस वर्षांमागं, प्लेगच्या साली, माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली होती. मोजणी तेव्हाच झालेली. अण्णा नुकतेच नोकरीला लागले होते. “माझी थोरली भण त्याच आठवड्यात प्लेगनं गेलती,” ते म्हणाले. “मी गल्लीच्या तोंडाशी उभारलो. आत गेलो न्हाय. दारं बंद दिसली, अंगणात गवत दिसलं. लिहिलं, पडीक.”

एव्हाना विणकरांना नोटिसा गेल्या होत्या. सरकारी जागेत घुसून बसलात, पंधरा दिवसांत निघा. त्यांच्यापाशी कागद नव्हते. आठवड्यानं इंजिनिअर साहेबांपुढं सुनावणी होती आणि अण्णांच्या पेन्शनला चार महिने उरले होते.

मी म्हणालो, “फेरतपासणीत घरं आढळली, एवढंच लिहू. चूक कुणाची ते कशाला?”

“आणि सायबांनी इचारलं, घरं नकाशाच्या आदीची कशावरनं? मग? माझ्याशिवाय कोण सांगणार ते?”

त्या आठवड्यात ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. माझ्या मनात मात्र रोज येई, की सुनावणीच्या दिवशी अण्णा आजारी पडावेत.

सुनावणीला विणकर भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांत पुढं एक म्हातारी आक्का. साहेबांनी विचारलं, “वस्ती जुनी आहे, याला पुरावा काय?”

अण्णा उठले. हातातला जुना नकाशा त्यांनी टेबलावर ठेवला.

“ह्यो नकाशा खोटा हाय, साहेब. मीच केलाय.”

साहेबांनी वर पाहिलं. “खोटा की चुकीचा? नीट विचार करून सांगा. दोन्हीत फरक आहे.”

साहेब त्यांना वाट काढून देत होते, हे मलाही कळलं. अण्णांनी ती घेतली नाही.

“चुकीचा म्हटलं तर मी आत गेलतो नि माझ्याकडनं हुकलं, असं हुईल. मी आत गेलोच न्हाय. खोटाच लिहा.”

साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “एवढी वर्सं आमी कागदावर न्हवतोच व्हय?”

“न्हवता, आक्का.”

ती पदर सावरून निघून गेली.

घरं राहिली. रस्ता वळवला गेला, आणि विणकरांना रस्त्याच्या अंगाला लुगड्यांची दुकानं काढायची परवानगी मिळाली. तो नकाशा मी काढला. अण्णांना मात्र कामावरून कमी केलं आणि पेन्शनही गेली. बिऱ्हाड आवरून ते नंदगडला, आपल्या गावी गेले. पुन्हा मला भेटले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी ते मला गल्लीत घेऊन गेले. पहिल्याच घरी आक्का मागावर बसली होती. अण्णा दारात उभे राहिले. आत जावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना. आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं, पण हात थांबवला नाही. धोटा या बाजूचा त्या बाजूला जात होता. बऱ्याच वेळानं ती आतल्या बाजूला तोंड करून सुनेला म्हणाली,

“पाट टाक गं. त्यास्नी आत बसू दे.”